मातीचे लघु धरण आणि सुरक्षितता श्रेणी

मातीचे लघु धरण म्हणजे नाल्याच्या किंवा लहान नदीच्या खोऱ्यात माती व मुरूम यांचे थर दाबून उभारलेला, मर्यादित क्षेत्राच्या सिंचनासाठी अथवा पिण्याच्या पाण्यासाठी पाणी अडवणारा बांध होय. अशा धरणाची वेळोवेळी तपासणी करून आढळलेल्या त्रुटी किती गंभीर आहेत हे ज्या क्रमांकाने नोंदले जाते, त्यास सुरक्षितता श्रेणी किंवा त्रुटीश्रेणी म्हणतात. धरण फुटल्यास खालच्या बाजूस किती हानी होईल हे सांगणारी वर्गवारी निराळी असून तिला संभाव्य हानीची वर्गवारी म्हणता येईल. या दोन गोष्टींची सामान्य व्यवहारात आणि अनेकदा वृत्तपत्रांतही गल्लत होते. सुस्थितीतील धरण धोकादायक वर्गात असू शकते आणि मोडकळीस आलेला एखादा तलाव निर्जन खोऱ्यात असल्यामुळे कमी हानीच्या वर्गात राहू शकतो.

भारतात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात असून राष्ट्रीय नोंदवहीतील त्यांची संख्या दोन हजार तीनशेहून अधिक आहे. त्यांपैकी बहुसंख्य मातीची आहेत. या नोंदवहीत न बसणारे लहान तलाव, पाझर तलाव आणि बंधारे यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारख्या घाटमाथ्यालगतच्या भागात दगडी, काँक्रीटची आणि मातीची अशी सर्व प्रकारची धरणे थोड्या अंतरात आढळतात. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासासाठी हा तालुका सोयीचे उदाहरण आहे.

रचना

मातीचे धरण बाहेरून एकसंध टेकाडासारखे दिसत असले तरी त्याचे पोटात निरनिराळे भाग असतात. मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो. महाराष्ट्रात त्यासाठी बहुधा स्थानिक काळी माती वापरली जाते, कारण तिच्यातून पाणी फार कमी वेगाने झिरपते. मात्र हीच माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. म्हणून गाभ्याच्या दोन्ही बाजूंस मुरमाचे कवच देतात. गाभा पाणी अडवतो आणि कवच त्याला आधार देते. गाभ्याखाली जमिनीत खंदक खणून तोही चिकण मातीने भरला जातो, जेणेकरून पाणी पायाखालून वाट काढणार नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये वरचा थर झिजलेला व भेगाळलेला असतो, त्यामुळे हा खंदक पक्क्या थरापर्यंत गेला आहे की नाही यावर पुढील पन्नास वर्षांचे भवितव्य ठरते. काम पूर्ण झाल्यावर तो भाग पुन्हा कोणालाही दिसत नाही.

पाण्याकडील उतारावर लाटांपासून संरक्षणासाठी दगडांची पिचिंग असते. मागील उतारावर गवत वाढू देतात व पायथ्याशी दगडी पायथा आणि नाली ठेवतात. वाळू व खडी यांच्या गाळणथरांतून आलेले झिरपपाणी या नालीत गोळा होते. मातीच्या धरणातून पाणी झिरपणे हा दोष नव्हे. सर्वच मातीची धरणे झिरपतात. झिरपणारे पाणी ठरवलेल्या वाटेने, मातीचा कण सोबत न घेता बाहेर पडते की नाही, हा खरा प्रश्न असतो.

पुराचे पाणी बाजूने काढून देणारा सांडवा हा धरणाचा सर्वांत महत्त्वाचा अवयव. लघु धरणांत तो सहसा द्वारविरहित असतो. तलाव भरला की पाणी आपोआप सांडव्यावरून जाते. तेथे दरवाजे उघडण्यासाठी मध्यरात्री माणूस पोहोचावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. सांडव्यावरून जाणाऱ्या कमाल पुराची पातळी आणि धरणाचा माथा यांमधील उभ्या अंतरास मुक्तांतर म्हणतात. माथ्यावरून वर्षानुवर्षे बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि आता मोटारगाड्या गेल्या की तो मध्येच खचतो व मुक्तांतर तेवढे कमी होते. कागदावरील आकडा मात्र तोच राहतो.

शेतीसाठी पाणी सोडणारी नळवाट, म्हणजे विमोचक, भरावाच्या पोटातून आरपार जाते. मातीच्या भरावात दगडी किंवा काँक्रीटची वस्तू घातली की त्या दोहोंच्या सांध्यावर माती नीट दाबली जात नाही. मातीच्या धरणांच्या दुर्घटनांत विमोचकाचा उल्लेख वारंवार येतो तो यामुळे.

धरण फुटण्याची कारणे

दगडी धरणाच्या माथ्यावरून काही काळ पाणी वाहिले तरी ते टिकू शकते. मातीचे धरण टिकत नाही. माथ्यावरून ओसंडणारे पाणी मागील उतार कुरतडू लागते आणि एकदा घळ पडली की ती काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, तळापर्यंत जाते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेतील मोरबीजवळचे मच्छू-२ धरण याच रीतीने फुटले. मध्यभागी दगडी सांडवा व दोन्ही अंगांना मातीचे लांब बांध अशी त्याची रचना होती. आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा होता आणि मातीचे बांध वाहून गेले.

दुसरे कारण अंतर्गत झीज. भरावातून किंवा पायातून झिरपणारे पाणी मातीचे कण उचलू लागले की खालच्या टोकापासून वरच्या दिशेने नळीसारखी पोकळी तयार होत जाते. अभियंते तिला पायपिंग म्हणतात. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील टीटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्याच भरणीत या कारणाने फुटले. पायथ्याशी सुरुवातीस दिसणारी गळती किरकोळ वाटते, म्हणून हे कारण सर्वांत फसवे आहे. किती पाणी येते यापेक्षा ते स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. पाणी गढूळ झाले याचा अर्थ धरण आतून वाहू लागले आहे.

तिसरे कारण उतार घसरणे. तलावातील पाणी एकाएकी उतरवले तर पाण्याकडील ओला उतार आधार गमावून घसरू शकतो. खेकडे, घुशी, साळिंदर यांची बिळे आणि बाभळीसारख्या झाडांची मुळे यांचा उल्लेख तपासणी अहवालांत नेहमी येतो. बिळामुळे झिरपण्याची वाट आखूड होते आणि झाड वाळल्यावर त्याच्या कुजलेल्या मुळाजागी पोकळी उरते. परंतु बिळे आणि झुडपे ही वर्षभरात हळूहळू वाढणारी, दरवर्षी काढता येण्यासारखी गोष्ट आहे. ती धरण फुटण्याइतकी वाढली असेल, तर देखभाल झाली नाही असाच त्याचा अर्थ होतो.

पानशेत

महाराष्ट्रात मातीच्या धरणाविषयीची भीती १२ जुलै १९६१ या दिवसाशी जोडलेली आहे. मुळशीच्या दक्षिणेस, आंबी नदीवरील पानशेत धरण पूर्ण होण्याआधीच त्यात पावसाळ्याचे पाणी साठले. विमोचकाचे व त्याच्या दरवाजांचे काम अपुरे होते. त्यातून जोराने वाहणाऱ्या पाण्यामुळे विमोचकाची हानी झाली व त्यावरील भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून माथा राखण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटले, आणि अनेकांचे प्राण वाचले असे मानले जाते. पानशेतच्या लोंढ्याने त्याच दिवशी खालचे एकोणिसाव्या शतकातील खडकवासला धरणही फुटले आणि पुणे शहरातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

पानशेत हे लघु धरण नव्हे. तरीही त्याची दखल येथे दोन कारणांसाठी घ्यावी लागते. एक तर ते माथ्यावरून पाणी जाऊन कोसळले असले तरी मुळात बिघाड विमोचकापाशी झाला होता. दुसरे म्हणजे एका धरणाच्या फुटण्याने त्याखालचे दुसरे धरण फुटू शकते हे तेथे प्रत्यक्ष दिसले. एखाद्या लहान तलावाखाली मोठे धरण असेल, तर त्या लहान तलावाचे मूल्यमापन केवळ त्याच्या आकारावरून करून चालत नाही.

‘लघु’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ

एखादे धरण लघु आहे असे म्हणताना नेमके काय मोजले आहे हे सांगणे आवश्यक ठरते. महाराष्ट्रात हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरला जातो, आणि या अर्थांतील तफावत केवळ शब्दांची नाही.

पाटबंधारे प्रशासनात लघु, मध्यम व मोठा प्रकल्प हा भेद लाभक्षेत्रावरून होतो. २,००० हेक्टरपर्यंत लागवडीयोग्य लाभक्षेत्र असलेला प्रकल्प लघु, १०,००० हेक्टरपर्यंतचा मध्यम आणि त्यापुढील मोठा. येथे धरणाच्या उंचीचा काहीच संबंध नाही. कोकणात किंवा मावळात डोंगराळ भूप्रदेशामुळे लाभक्षेत्र थोडे असते, पण दरी अरुंद व खोल असल्याने धरण उंच बांधावे लागते. परिणामी ‘लघु पाटबंधारे’ या नावाखाली पंचवीस-तीस मीटर उंचीचे धरणही असू शकते. क्षेत्रावरूनच धरण कोणत्या खात्याकडे जाणार हेही ठरते. १०० हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठ्या पण ६०० हेक्टरपर्यंतच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्यापुढील जलसंपदा विभागाकडे अशी सर्वसाधारण विभागणी आहे. सर्वांत लहान क्षेत्राची धरणे अशा रीतीने सर्वांत कमी अभियंते असलेल्या यंत्रणेकडे जातात.

भारतीय मानक ११२२३ (१९८५) सांडव्याची क्षमता ठरवण्यासाठी निराळे माप वापरते. त्यानुसार ५ लाख ते १ कोटी घनमीटर एकूण साठा किंवा ७.५ ते १२ मीटर जलशीर्ष असलेले धरण लघु, १ ते ६ कोटी घनमीटर किंवा १२ ते ३० मीटर असलेले मध्यम आणि त्यापुढील मोठे. साठा आणि शीर्ष यांवरून दोन भिन्न वर्ग निघाले तर वरचा वर्ग धरला जातो. लघु धरणाचा सांडवा शंभर वर्षांच्या पुरासाठी, मध्यमाचा प्रमाण प्रकल्प पुरासाठी आणि मोठ्याचा संभाव्य कमाल पुरासाठी आखावा असे हे मानक सांगते. खालच्या बाजूस वस्ती असल्यास अधिक मोठा पूर धरण्याची मुभाही त्यात आहे.

‘शंभर वर्षांचा पूर’ या संज्ञेचा अर्थ तो शंभर वर्षांतून एकदाच येतो असा घेतला जातो. तो चुकीचा आहे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते. पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या धरणाच्या आयुष्यात असा किंवा त्याहून मोठा पूर निदान एकदा येण्याची शक्यता त्यामुळे सुमारे चाळीस टक्के होते.

तिसरे माप कायद्याचे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा कायदा ‘निर्दिष्ट धरणां’ना लागू होतो. पंधरा मीटरांहून उंच असलेले प्रत्येक धरण निर्दिष्ट आहे. दहा ते पंधरा मीटर उंचीचे धरण मात्र माथ्याची लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर किंवा कमाल पूरविसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर यांपैकी एक तरी मर्यादा गाठत असेल, अथवा पाया विशेष अडचणीचा किंवा रचना असाधारण असेल, तरच निर्दिष्ट ठरते. दहा मीटरांखालील धरण या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि पुढे रोजगार हमी योजनेतून राज्यभर जे असंख्य पाझर तलाव झाले, त्यांतील पुष्कळसे या रेषेखाली येतात. अकुशल मजुरांना काम देणे हा त्या कामांचा पहिला हेतू होता आणि त्या काळी तो योग्यच होता. पण त्या भरावांची दाबाई, गाळणथर आणि सांडवे सर्वत्र सारख्या दर्जाचे झाले असे मानता येत नाही.

तपासणी आणि त्रुटीश्रेणी

महाराष्ट्रात धरणांच्या तपासणीचे काम पाहणारी धरण सुरक्षितता संघटना नाशिक येथे आहे. धरणाची वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, पाहणी होणे अपेक्षित असते. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत सांडव्यातील अडथळे, दरवाजांची हालचाल, माथ्याची पातळी, झुडपे व बिळे पाहिली जातात. पावसाळ्यानंतरच्या पाहणीत तलाव भरलेला असल्याने झिरपणी, पायथ्याचा ओलावा व उताराचा फुगवटा दिसतो. या दोन्ही पाहण्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. मे महिन्यात कोरड्या ठणठणीत तलावाच्या पायथ्याशी गळती नाही, ही नोंद अचूक असूनही निरुपयोगी असते.

आढळलेल्या त्रुटी तीन श्रेणींत विभागल्या जातात. पहिल्या श्रेणीतील त्रुटी धरण फुटण्यास कारण ठरू शकतात व त्यांवर तात्काळ उपाय करणे आवश्यक असते. दुसऱ्या श्रेणीत मोठ्या, पण त्वरेने दुरुस्त करता येण्यासारख्या त्रुटी येतात. तिसऱ्या श्रेणीत वर्षभरात नेहमीच्या देखभालीतून दूर होणाऱ्या किरकोळ त्रुटी असतात. ‘पहिली श्रेणी’ हे शब्द कानाला चांगले वाटत असले तरी येथे पहिला क्रमांक सर्वांत वाईट आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

श्रेणी पाहणीच्या दिवसापुरती खरी असते. तिसऱ्या श्रेणीतील न काढलेले झुडूप पाच वर्षांनी दुसऱ्या श्रेणीतील झाड होते. शिवाय डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींवरच ती बहुतांशी आधारलेली असते. भरावातील जलदाब मोजणारे दाबमापक आणि झिरपपाणी मोजणारी त्रिकोणी खाच असलेली भिंत ही साधने मोठ्या धरणांवर असतात, लघु धरणांवर क्वचितच. त्रिकोणी खाचेचा खर्च फार नाही. पायथ्याच्या नालीत ती बसवून दर आठवड्यास तलावाची पातळी व खाचेतील पाण्याची उंची वहीत लिहिली, तर तीनचार वर्षांत त्या धरणाची सवय समजते. पातळी तीच असताना झिरपा वाढला, तर काही बदलले आहे. एकेकाळी हे काम चौकीदार करीत. ती पदे भरली न गेल्याने अनेक तलावांवर आता कोणीच नसते, आणि पहिली खबर गुराखी किंवा शेजारच्या शेतकऱ्याकडून येते.

संभाव्य हानीची वर्गवारी

केंद्रीय जल आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार धरणांचे संभाव्य हानीवरून चार वर्ग होतात: कमी, मध्यम, उच्च व अत्युच्च. येथे क्रमांक उलट दिशेने वाढतात. पहिला वर्ग सर्वांत कमी हानीचा, चौथा सर्वांत अधिक. एकाच धरणाच्या कागदपत्रांत त्रुटीश्रेणी ‘एक’ म्हणजे संकट आणि हानीवर्ग ‘एक’ म्हणजे निश्चिंती, असा घोटाळा त्यामुळे संभवतो. दोन्ही ठिकाणी रोमन अंक वापरले जातात ही गोष्ट सोयीची नाही. अमेरिकेत हा प्रश्न शब्दांनी सोडवला आहे. तेथे हानीची शक्यता कमी, लक्षणीय किंवा उच्च अशी आणि धरणाची स्थिती समाधानकारक, साधारण, खराब किंवा असमाधानकारक अशी दोन स्वतंत्र रकान्यांत लिहितात.

हानीचा वर्ग ठरवताना धरण फुटल्याची कल्पना करून लोंढा किती वेळात कोठवर जाईल याचे गणित मांडतात व त्या पट्ट्यातील घरे, शाळा, रस्ते, पूल मोजतात. धरणाला काही न होता हा वर्ग बदलू शकतो. बांधकामाच्या वेळी खाली भातखाचरे असतील आणि तीस वर्षांनी तेथे गृहसंकुल उभे राहिले, तर वर्ग वाढतो. सांडवा मात्र भातखाचरांच्या हिशेबानेच आखलेला असतो.

मुळशी तालुका

मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग घाटमाथ्यावर आहे. ताम्हिणी परिसरात एका पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै २०२४ मध्ये तेथे एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. पूर्वेकडे जाताना हे मान झपाट्याने घटते. त्यामुळे तालुक्याच्या एका टोकाच्या पर्जन्यमापकावरून दुसऱ्या टोकाच्या तलावाचा पूर काढणे धोक्याचे ठरते.

तालुक्यातील सर्वांत प्रसिद्ध धरण मुळशीचे. टाटा उद्योगाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वीजनिर्मितीसाठी ते बांधले. त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) इतिहासात नोंदला गेला आहे. ते दगडी बांधकामाचे असून त्याचे पाणी पश्चिमेस भिरा येथील वीजगृहाकडे वळवले जाते. मुठा नदीवरील टेमघर धरणही मातीचे नाही. २०१६ मध्ये त्याच्या मोठ्या गळतीचा प्रश्न राज्यभर गाजला, अभियंत्यांवर व ठेकेदारांवर कारवाई झाली आणि पुढे सिमेंटमिश्रण दाबाने भरून दुरुस्तीची कामे हाती घेण्यात आली. टेमघरच्या गळतीचे आकडे मातीच्या धरणाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. दगडी धरणातील गळती बांधकामातील चुना-सिमेंट हळूहळू झिजवते, तर मातीच्या धरणात त्याच्या अंशाएवढी गढूळ गळतीसुद्धा काही दिवसांत किंवा तासांत प्राणघातक ठरू शकते.

तालुक्याच्या उत्तर सीमेलगत, हिंजवडीच्या वायव्येस कासारसाई येथे मातीचे धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ०.५७ अब्ज घनफूट, म्हणजे अंदाजे १.६ कोटी घनमीटर आहे. पुणे शहराला पाणी देणाऱ्या धरणांच्या तुलनेत हा साठा अल्प, आणि दैनिकांतील धरणसाठ्याच्या तक्त्यात कासारसाईची ओळ शोधावी लागते. तथापि मानक ११२२३ नुसार केवळ साठ्यावरूनही ते मध्यम वर्गात येते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडी, माण, मारुंजी या मुळशीतील गावांत माहिती तंत्रज्ञान उद्योग व त्यामागोमाग दाट वस्ती आली. भूगाव, पिरंगुट, पौड या पट्ट्यातही शेतीची जागा कारखाने आणि गृहप्रकल्पांनी घेतली. ओढ्यांची पात्रे भरावाने अरुंद झाली आणि नव्या रहिवाशांपैकी अनेकांना आपल्या वरच्या बाजूस कोणता तलाव आहे हे ठाऊक नसते. जुन्या गावकऱ्यांना ओढ्याची पूररेषा पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. ही माहिती सातबाऱ्यावर नोंदली जात नाही. तालुक्यातील लहान तलावांच्या हानीवर्गाचा वेळोवेळी फेरविचार आवश्यक ठरतो तो यामुळे.

तिवरे

लघु धरणाच्या वर्गवारीतील सर्व गुंतागुंत रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातल्या तिवरे धरणात एकवटलेली दिसते. २ जुलै २०१९ च्या रात्री अतिवृष्टीत हे मातीचे धरण फुटले. पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. धरण बांधून वीस वर्षेही झाली नव्हती.

लाभक्षेत्रावरून तिवरे ही लघु पाटबंधारे योजना होती. साठा वीस लाख घनमीटरांच्या आसपास, म्हणजे साठ्यावरूनही लघुच. उंची मात्र सुमारे २८ मीटर. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार पंधरा मीटरांवरील प्रत्येक धरण मोठे धरण असते. जे धरण सरकारी कागदावर लघु होते ते अभियांत्रिकीच्या दृष्टीने मोठे होते, आणि भेंदवाडीच्या दृष्टीने या दोन्ही वर्णनांना काही अर्थ नव्हता. वाडी धरणाच्या इतक्या निकट होती की फुटल्यावर इशारा देण्यास वेळच उरला नाही.

गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती व पावसाळ्यापूर्वी माती टाकून तात्पुरती डागडुजी झाली होती, असे दुर्घटनेनंतर समोर आले. बाहेरून माती टाकल्याने गळतीचे तोंड झाकले जाते, वाट बंद होत नाही. उलट पाणी दुसरीकडून फुटते किंवा आतला दाब वाढतो. पायथ्याच्या गळतीवर मान्य असलेला तातडीचा उपाय याच्या उलट आहे. पाणी वाहू द्यायचे, पण वाळू-खडीच्या उलट क्रमाच्या गाळणथराने माती रोखायची, आणि तलावाची पातळी उतरवायची.

तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांमुळे फुटल्याचे विधान केले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. खेकडे भराव पोखरतात ही गोष्ट खरी आहे. पण खेकड्यांची बिळे ज्या पाहणीत दिसायला हवी होती ती पाहणी, आणि त्यानंतरची दुरुस्ती, हा प्रश्न त्या विधानाने बाजूस पडला. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. बचावलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन अलोरे येथे करण्यात आले.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१

तिवरे फुटल्यानंतर महिन्याभरात धरण सुरक्षा विधेयक लोकसभेत संमत झाले. राज्यसभेची संमती डिसेंबर २०२१ मध्ये मिळाली आणि ३० डिसेंबर २०२१ पासून कायदा अमलात आला. त्याखाली राष्ट्रीय स्तरावर समिती व प्राधिकरण आणि प्रत्येक राज्यात समिती व धरण सुरक्षा संघटना अशी रचना आहे. धरणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने धरणाच्या मालकावर टाकली. मालक म्हणजे राज्य शासन, महामंडळ, स्थानिक संस्था किंवा खाजगी कंपनी, जो धरण चालवतो तो. निर्दिष्ट धरणासाठी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी, देखभालीसाठी पुरेसा निधी, जोखमीचे मूल्यमापन आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. जुन्या धरणांच्या आराखड्यासाठी पाच वर्षांची मुदत देण्यात आली. कायद्यातील कर्तव्यात अडथळा आणल्यास किंवा निर्देश मोडल्यास एक वर्षापर्यंत व त्यातून जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

आपत्कालीन आराखड्यात लोंढ्याचा नकाशा, इशारा देणाऱ्यांची उतरंड, संपर्क क्रमांक आणि उंचावरील आसऱ्याची ठिकाणे असतात. इंग्रजीत छापून कार्यालयात ठेवलेला आराखडा वाडीपर्यंत पोहोचत नाही. ग्रामपंचायतीत मराठी नकाशा लावणे आणि वर्षातून एकदा सराव घेणे याला पर्याय नाही.

दुरुस्ती व जलसाठ्यावरील निर्बंध

श्रेणी खालावलेल्या धरणाबाबत पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कमी पाणी साठवणे. द्वारविरहित सांडवा असेल तर त्याचा माथा तात्पुरता उतरवून पूर्ण संचय पातळी खाली आणता येते. त्याला शेतकऱ्यांचा विरोध होतो, कारण कमी झालेले पाणी रब्बीच्या पिकाचे असते. विरोध करणारे शेतकरी बहुधा धरणाच्या कालव्यावर असतात आणि धोक्यात असलेली वस्ती नाल्याच्या काठावर. हे दोन गट नेहमी एकच नसतात.

कायम दुरुस्तीत माथा पूर्ववत उंचावणे, सांडवा रुंद करणे, मागील उताराला गाळणथरासह मुरमाचा जादा भराव देणे, नाल्या मोकळ्या करणे आणि विमोचकाचा सांधा नव्याने बंद करणे ही कामे येतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला. लघु धरणांची दुरुस्ती मात्र प्रामुख्याने राज्य व जिल्हा परिषदेच्या निधीवरच अवलंबून राहते.

गाळाने भरलेल्या, लाभक्षेत्र बिगरशेती झालेल्या तलावांबाबत आणखी एक मार्ग उरतो. कोरड्या हंगामात भरावाला नियंत्रित खाच पाडून तलाव निकामी करणे. पाझर तलावाच्या बाबतीत त्यामुळे आसपासच्या विहिरींचे पाणी उतरू शकते, म्हणून असा निर्णय विहिरींची पाहणी व ग्रामसभेची चर्चा झाल्यावर घेतला जातो. निकामी केलेल्या तलावाची नोंद महसुली अभिलेखात बदलून घ्यावी लागते. ती न बदलल्यास अस्तित्वात नसलेला तलाव यादीत राहतो आणि त्याच्या तपासणीचा रकाना दरवर्षी कोणीतरी भरत राहतो.